सातव्या बोअरचा तळ

मेहुणीचा फोन आला तेव्हा त्याच्या हातात खडकाची ओली कांडी होती. मनगटाएवढी जाड, सातव्या बोअरमधून नुकतीच वर आलेली.

"भावोजी, ताई गेली," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "सकाळपासून एकच विचारत होती. तळाला काय लागलं?"

"बघतो," तो म्हणाला.

त्यानं फोन खिशात टाकला आणि राहिलेल्या कांड्या पेटीत लावल्या. पेटी भरल्यावर शेवटी लाकडी ठोकळा ठेवला. त्यावर खोली लिहिली, तीनशे बारा मीटर. हात धुतले आणि तिथेच चिखलात बसला.

त्याची बायको भूवैज्ञानिक होती आणि तो ड्रिलर. डोंगराच्या ज्या उतारावर दगडांना हिरवा डाग होता, तिथे जुन्या लोकांनी तांब्यासाठी खड्डे खणले होते. कंपनीनंही तिथेच सहा बोअर मारले आणि सहाही कोरडे गेले. ती म्हणायची, डाग पाण्याबरोबर वाहून आलाय, मूळ तांबं आणि सोनं पलीकडे, डोंगराच्या धारेखाली आहे. ऑफिसशी भांडून तिनं सातवा बोअर घ्यायला लावला आणि तो संपत आला असतानाच आजारी पडली.

शेवटच्या पेटीत वरच्या बाजूला पितळेसारखं चमकणारं तांबं होतं आणि खाली ठोकळ्यापर्यंत नुसता राखाडी दगड. ऑफिसनं शेरा मारला, तांबं संपलं, खाली जाण्यात अर्थ नाही. ड्रिलचं यंत्र तिथून हललं. पुढे चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "वहिनींनी कंपनीला तीनशे बारा मीटर खड्ड्यात घातलं." सगळे हसले. तोही तिथेच होता. त्यानं कप विसळून ठेवला.

त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ड्रिलिंग त्यानं सोडलं आणि पेट्यांच्या गोदामाची किल्ली सांभाळू लागला. सातव्या बोअरच्या मांडणीपुढून तो मान खाली घालून झाडत जाई. कधी कधी तिकडून पाणी फवारल्याचा आवाज येई. दगडाचा रंग पाहायला बायको तसं पाणी मारायची. आवाज थांबेपर्यंत तो झाडू धरून उभा राही. वळून कधी पाहिलं नाही.

मग डोंगर दुसऱ्या कंपनीनं घेतला आणि एका सकाळी त्यांच्याकडे भूवैज्ञानिक असलेली एक मुलगी आली.

"काका, सातव्याच्या शेवटच्या दोन पेट्या काढायच्यात."

"त्यात काही नाही."

"नसू दे. घरी बसले तर आई स्थळं दाखवते. त्यापेक्षा दगड बरे."

त्यानं पेट्या उतरवल्या. मुलीनं त्या धुतल्या. एकशे तिसऱ्या पेटीतली शेवटची कांडी उचलून एकशे चौथीतल्या पहिल्या कांडीशी जोडून पाहिली. त्याची बायको हेच करायची. दोन पेट्यांमधला सांधा जुळल्याशिवाय वहीत ओळ लिहायची नाही. तिच्यानंतर कुणी ते पाहिलं नव्हतं.

"बसत नाही. मधला तुकडा हरवला असेल."

तो पेटीकडे पाहत राहिला. ड्रिलची नळी उपडी केली की तळाची कांडी आधी बाहेर येते. म्हणून ड्रिलर पेटी शेवटून भरत येतो. हे त्याच्या हातांना झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

त्यानं एकशे चौथीतली अगदी शेवटची, राखाडी कांडी उचलली, फिरवली आणि मुलीच्या हातातल्या कांडीला टेकवली. ती बसली. मधे केसाएवढी फट राहिली नाही.

मुलीनं सांध्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे पेटी उलटी भरलीय. राखाडी दगड वर होता. बोअर तांब्यात थांबवलाय."

"हो."

"कुणी भरली होती?"

त्या वेळचे हाताखालचे लोक केव्हाच पांगले होते. कुणाचंही नाव घेतलं असतं तरी विचारणारं कोणी नव्हतं.

"मी."

तिनं जुनी वही उघडली. एकशे तीनपर्यंत तपासणाऱ्याची सही होती. पुढचा रकाना कोरा होता. तिनं सहीतलं आडनाव वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

"तुमच्या मिसेस ना, काका?"

"तिचं बरोबर होतं, एवढं लिहा. चूक कुणाची तेही लिहा, नावासकट."

"लिहिते. पण परवाना पुढच्या महिन्यात संपतोय. वरचे ऐकतील की नाही, सांगता येत नाही."

ती फोन करायला बाहेर गेली. त्यानं कांड्या एकेक काढल्या आणि पेटी शेवटून भरत आणली. सगळ्यात आधी ठोकळ्यापाशी तांब्याची पिवळी कांडी ठेवली. मग बाटली घेऊन तिच्यावर पाणी मारलं.

सातवा बोअर तीनशे बारा मीटरवर थांबलेला आहे. त्याखाली अजून कुणी खोदलेलं नाही.