माझ्या पोटात काय होतं, ते विचारा

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर आधी मला उलटा करा. लाजू नका. इतर भांडी आपलं तोंड मिरवतात, मी माझं बूड मिरवतो. मी एक जुना पांढरा ड्रम आहे, प्लास्टिकचा, पन्नास लिटरचा, रुंद तोंडाचा आणि काळ्या झाकणाचा. माझ्या बुडावर तीन बाणांचा त्रिकोण आहे, त्रिकोणात दोनचा आकडा आहे, आणि शेजारी एक पेला आणि एक काटा कोरलेला आहे. पेल्या-काट्याची ही खूण ज्याच्या बुडावर असते, त्यात खाण्यापिण्याच्या वस्तू खुशाल ठेवाव्यात. कितीतरी वर्षं मला या बुडाचा भारी गर्व होता. तो एकदा उतरला आणि पुन्हा चढला, त्याचीच ही गोष्ट.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये हवा फुंकली आणि साच्यात मी फुगलो. माझ्यासारखे शेकडो त्या दिवशी फुगले. माझं नशीब निराळं निघालं ते महाडच्या बाजारात, कारण तिथे मला तुळजाबाईने हेरलं.

तुळजाबाई पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावची, हैबतीबाबांची बायको. तिला कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, भरायला ड्रम हवा होता. तिने मला आत-बाहेर न्याहाळलं आणि दुकानदाराला विचारलं, "ह्यात आधी काय भरला नव्हतास ना रे?"

"नाही हो काकू, कोरा आहे."

"कोरा हाय ना? मग कोकमाबिगर दुसरा काय ह्यात जायाचा नाय."

हा शब्द तिने अकरा वर्षं पाळला. दर मे महिन्यात कोकमाची फळं, लालभडक रातांबे यायचे, अंगणात बायकांची बोटं जांभळी व्हायची, आणि मिठात मुरलेला तो रस माझ्या पोटात ओतला जायचा. त्या आगळाच्या बाटल्या मुंबईपर्यंत जायच्या. सगळे तुळजाबाईच्या हाताचं कौतुक करायचे, आणि मी मनात म्हणायचो, थोडं माझ्या पोटाचंही करा.

एकदा मात्र अनर्थ होता होता राहिला. भातावर कीड पडली होती. हैबतीबाबांनी फवारणीचं विषारी औषध कालवायला मला रिकामा बघून उचललं आणि शेताची वाट धरली. तुळजाबाई चुलीवरचं तसंच टाकून बांधापर्यंत धावत आली.

"ठेवा तो खाली! माझ्या ड्रमात ईख कालवताव?"

"धुवून देतो ना गो!"

"धुवून पोट साफ व्हतंय, त्याचा मन नाय व्हत!"

ड्रमाला कसलं मन, असं पुटपुटत बाबा पत्र्याचा डबा घेऊन गेले. दोन दिवस घरात अबोला होता. मला मात्र त्या दिवशी आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

मग एका मार्गशीर्षात तुळजाबाई गेली. तिच्या हातचं शेवटचं आगळ संपलं, पण मला कोणी धुतलं नाही. हैबतीबाबांनी माझं झाकण घट्ट बसवलं, मला पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि सगळ्यांना ताकीद दिली, "त्याला हात लावायचा नाय." त्या दिवसापासून त्यांनी तिचं नावही तोंडातून काढलं नाही. पुढे मुलगा दीपक त्यांना महाडला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं आणि मी चार वर्षं अंधारात बसून राहिलो. उंदीर माझ्या झाकणावर बसून मिशा पुसत. ज्याच्या आगळाची मुंबईत वाहवा झाली, त्याची ही अवस्था! फार वाईट वाटायचं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला निळ्याने सांगितलं. निळा कोण ते येईलच.

महाडला बाबांचा जीव रमेना. शेत नाही, बैल नाही, बोलायला कोणी नाही. दीपक औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाई, सून अक्षदा शाळेच्या कचेरीत. म्हणून तिने घरात माशांची काचपेटी आणली. बाबा म्हणाले, "मासं काय बघायचं असतात व्हय? मासं कालवनात!"

पंधरा दिवसांत हेच बाबा पेटीसमोर खुर्ची ओढून बसू लागले. चार सोनेरी मासे होते. त्यांतला एक काळ्या शेपटीचा, गलेलठ्ठ, खायलाही सगळ्यांच्या शेवटी सावकाश येणारा. त्याचं नाव बाबांनी 'मामलेदार' ठेवलं. मामलेदाराशी ते पीकपाण्याच्या गप्पा मारू लागले. चार वर्षं गप्प असलेला माणूस बोलायला लागला, म्हणून अक्षदाला त्या माशांची फार काळजी असे.

पेटीतलं थोडं पाणी दर आठवड्याला बदलावं लागतं. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, ती माशांना सोसत नाही. म्हणून ते पाणी दोन दिवस भरून ठेवायचं, तोवर पावडरीचा जोर उतरतो. त्यासाठी मोठा ड्रम हवा. दीपक म्हणाला, "कापड्याहून आईचा ड्रम आणू का?"

बाबांचा चेहरा आक्रसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः भंगारवाल्याकडे गेले आणि रिक्षातून एक निळा ड्रम घेऊन आले.

आमच्या भागात निळा ड्रम दर दुसऱ्या दारात दिसतो. कारखान्यातला माल संपला की ड्रम भंगारात येतो, लोक तो धुतात आणि पाणी भरतात. बाबांनीही तो राखेने घासला, चार दिवस उन्हात ठेवला, मग आत मुंडकं घालून वास घेतला. "वास नाय. मग काय हाय?"

अक्षदा शिकलेली. तिने मोबाईलवर वाचलं होतं, बुडावर दोनचा आकडा असेल तर प्लास्टिक चांगलं. तिने निळ्याला उलटा केला. त्रिकोण होता, दोनचा आकडा होता. "बाबा, दोन नंबर आहे. चालेल." सासऱ्याने नाकावर विश्वास ठेवला, सुनेने आकड्यावर.

रविवारी सकाळी पेटीतलं अर्धं पाणी बदललं. दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. उन्हं कलेपर्यंत तीन मासे गेले. मामलेदार एका कुशीवर कलंडला होता, पण त्याचा कल्ला अजून हलत होता. बाबांनी पिण्याच्या माठातलं दोन दिवसांचं पाणी घमेल्यात ओतलं आणि अक्षदाने त्याला त्यात सोडलं. मग बाबा भिंतीला टेकून खाली बसले.

"मीच मारला गो त्यांना."

"नाही बाबा, आकडा मी बघितला होता."

अक्षदाचा फोन गेला तसा मासे विकणारा अश्वजित धावत आला. त्याने दुकानातलं जास्तीचं पाणी एका कॅनमधून आणलं होतं. निळ्याकडे बघून तो म्हणाला, "वहिनी, आकडा प्लास्टिकची जात सांगतो. पोटात काय होतं ते नाही सांगत. कारखान्यातला माल प्लास्टिकमध्ये मुरतो. आपल्या नाकाला कळत नाही, माशाला कळतं. हे पाणी चार-पाच दिवस पुरेल. तोवर खाण्याच्या खुणेचा नवीन ड्रम घ्या, नाहीतर ज्यात आधी काय होतं ते पक्कं माहीत आहे असा."

निळ्याने हे सांगितलं तेव्हा माझा बुडाचा गर्व उतरला. त्याच्या बुडावरही माझाच त्रिकोण होता, माझाच आकडा. जात एक, आयुष्य वेगळं. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या पोटात जे ओतलं ते त्याने सोसलं.

"बाजारातून नवीन घेऊन येतो," दीपक म्हणाला.

बाबांनी घमेल्यातल्या मामलेदाराकडे बघितलं. मग म्हणाले, "नको. सकाली गाडी काढ. कापड्याला जायाचा हाय." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी त्यांची गत झाली होती.

पडवीचं दार उघडलं आणि चार वर्षांनी उजेड माझ्या अंगावर पडला. बाबांनी झाकण फिरवलं. आतून कोकमाचा वास भसकन वर आला. बाबा तसेच माझ्यावर वाकून राहिले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पोटात पडलं.

दीपक हळूच म्हणाला, "बाबा, राहू दे हा. धुतला की वास जाईल. नवीन घेऊ आपण."

"नव्यात काय व्हता ता दुकानदार सांगल. ह्यात काय व्हता ता मला ठाव हाय." बाबांनी माझ्या काठावरून हात फिरवला. "मी औषध कालवायला निघालो व्हतो, तवा तुझी आई बांधापर्यंत धावत आलेली. तुळजा ती! ऐकनार व्हती व्हय कुनाचा?"

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं. दीपकने तोंड फिरवलं आणि मला मोटारसायकलला बांधायला दोरी शोधू लागला.

महाडला बाबांनी मला स्वतः धुतलं. साबण नाही, पावडर नाही, कारण साबणही माशांचा वैरीच. नुसतं गरम पाणी. अक्षदा मदतीला आली तर म्हणाले, "तू ऱ्हाव दे." पहिलं पाणी गुलाबी निघालं. बाबांनी ते ओंजळीत घेतलं आणि चाखलं. "मीठ जरा जास्तीच घालायची," ते म्हणाले आणि हसले. दुसरं पाणी फिकट आलं, सातवं नितळ. मग दिवसभर मला उन्हात पालथा घातला. वास गेला. पण माझ्या आतल्या भिंतीवरचा गुलाबी रंग काही गेला नाही.

मग सावलीत ठेवून मला नळाच्या पाण्याने भरलं आणि तोंडावर तुळजाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. ते दोन दिवस मी आयुष्यात कधी नव्हतो इतका घाबरलो होतो. माझ्या पोटातूनही काही निघालं तर? तिने अकरा वर्षं राखलेला शब्द माझ्या हातून मोडला तर?

तिसऱ्या दिवशी बाबांनी तांब्या-तांब्याने माझं पाणी घमेल्यात घातलं आणि बाजूला बसले. मामलेदार कुशीवरच होता. दहा वाजले, अकरा वाजले. बाबा जेवायला उठले नाहीत. दुपारी त्याची काळी शेपटी हलली. मग तो सरळ झाला. बाबांनी दोन दाणे टाकले. खायला दुसरं कोणी नव्हतं, तरी मामलेदार आपला नेहमीसारखा सावकाशच आला.

"अक्षदा! ये गो! जेवला मामलेदार!" बाबांची हाक अख्ख्या आळीने ऐकली.

याला दोन वर्षं झाली. आज पेटीत आठ मासे आहेत आणि मामलेदार आणखी जाडा झालाय. निळा दारामागे उभा राहून छत्र्या सांभाळतो, आमची चांगली मैत्री आहे. अश्वजित नव्या गिऱ्हाइकांना सांगतो, "ड्रम घेण्याआधी हैबतीकाकांचा बघून या." माणसं येतात. बाबा मला उलटा करून पेला-काटा दाखवतात, आकडा दाखवतात, माझा गर्व थोडा चढू देतात आणि मग म्हणतात, "पन ह्या खुणा नुसत्या बघून भागत नाय. त्याच्या पोटात काय व्हता, ता विचारायचा."

मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. आणि एखादं चांगलं भांडं कोणाची आठवण म्हणून अंधारात बंद करून ठेवलं असेल, तर त्याला बाहेर काढा, धुवा, कामाला लावा. मी पडवीत बंद होतो, तेव्हा तुळजाबाईचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. आता आलेला प्रत्येक जण आत डोकावतो, गुलाबी भिंत बघतो आणि विचारतो, "काका, ह्यात आधी काय होतं?"

बाबा ताठ उभे राहतात. "कोकम व्हता," ते म्हणतात. "माझ्या तुळजाच्या हातचा."