माकोखाची मान

आमच्या गेटवर कुणी आजारी पडत नाही. पडायला परवडतच नाही. अथी रिव्हर गावात बाटल्यांच्या कारखान्याच्या गेटाशेजारी माझी उजीची, म्हणजे पेजेची, टपरी आहे. नाचणीचं पीठ, साखर, लिंबू, घट्ट उकळलेली, ज्यांनी एकदा प्यायली ते दुसरीकडे जात नाहीत. रोज उजाडता उजाडता गडी गेटसमोर गोळा होतात, मुकादम मुसेम्बी बाहेर येतो आणि बोट दाखवायला लागतो. ज्याच्यावर बोट आलं त्याला त्या दिवसाचं काम. याला आमच्याकडे किबारुआ म्हणतात. ज्याच्यावर बोट आलं नाही तो घरी जाऊन बायकोचं तोंड बघतो.

मग आजारी दिसून कसं चालेल? अंगात ताप असलेला माणूस माझ्या पिंपातलं गार पाणी तोंडावर मारून गाल पुसतो. ज्याला खोकला आहे तो उजीच्या घोटाबरोबर खोकलाही गिळतो. एक लंगडा आहे, तो दोन धडधाकटांच्या मध्ये असा घट्ट उभा राहतो की पडायला जागाच उरत नाही. बोट दाखवून झालं, मुसेम्बी आत गेला, की जे उरले ते एकदम शिंकतात, खोकतात, कण्हतात. मला तर वाटतं, मी टपरी नाही, दवाखाना चालवते, आणि तोही उधारीवर.

माकोखा हा त्यांच्यातलाच एक. बुंगोमाकडचा, उंच, हडकुळा, स्वभावाने गरीब. त्याची बायको नाफुला गावी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, त्यात डॉक्टरने सांगितलेलं की घरी करू नका, अवघड आहे. आता कारखान्यात एक सोय होती. दर काही महिन्यांनी मोठे साहेब येऊन चार-दोन गड्यांना सहा महिन्यांच्या करारावर घ्यायचे. करारावर आलं की दवाखान्याचं कार्ड मिळायचं आणि त्या कार्डावर बायकोचंही बाळंतपण व्हायचं. माकोखाला बाकी काही नको होतं. त्याला ते कार्ड हवं होतं. पण साहेब येतील तेव्हा गेटवर नेमाने काम मिळणाऱ्यांतूनच निवडणार, म्हणजे एकही दिवस चुकवून चालणार नव्हतं.

कधी कधी मुसेम्बी पहाटे एखाद्याला फोन करून लवकर बोलवायचा. म्हणून माकोखा रोज फोन उशाला नाही, थेट उजव्या कानाखाली घेऊन झोपायचा. फोन काही आला नाही. आली ती मान. एके दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड डाव्या खांद्याकडे वळून तिथेच अडकलं होतं. मी मिठाची पुरचुंडी गरम करून शेकलं, तेल चोळलं, शेवटी दोन्ही हातांनी डोकं धरून फिरवायला गेले तर तो असा विव्हळला की रस्त्यावरची गाढवं थांबली.

"मावशी, सोडा. मान राहू द्या," तो म्हणाला. "आज घरी पाठवलं तर मेलो मी."

मी म्हटलं, जा बाबा, उभा राहा तसाच. तो जाऊन उभा राहिला. सगळे गडी मुसेम्बीच्या तोंडाकडे बघतायत आणि हा एकटा आपला डावीकडे माझ्या टपरीकडे. आणि मुसेम्बीने पहिलं बोट दाखवलं ते यालाच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आता गेटवर ओगुटू नावाचा एक शहाणा आहे. मुसेम्बी माणसं कशावरून निवडतो याचा शोध लावणं हाच त्याचा धंदा. मागे त्याने लाल टोपीचा शोध लावला होता, तेव्हा पन्नास गडी लाल टोप्या घालून आले आणि मुसेम्बीने टोपी नसलेले उचलले. त्यानंतर रिकाम्या पोटी उभं राहण्याचा शोध लागला, तेव्हा दोघं चक्कर येऊन पडले आणि माझा धंदा बसला तो वेगळाच. या वेळी मात्र ओगुटूची खात्री होती. तो म्हणाला, मुकादमाला हावरट माणूस आवडत नाही. तोंडाकडे बघतो तो हावरट. डावीकडे बघतो तो विचारी.

आणि पुढच्या सोमवारी अख्खं गेट डावीकडे बघायला लागलं.

तुम्ही कधी पहाटे शंभर पुरुषांना एका पातेल्याकडे एकटक बघताना पाहिलंय का? विकत काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. मला ढवळणंसुद्धा नकोसं झालं. मी ओरडले की मेल्यांनो, नजर लागून उजी नासेल, तर कुणी हललं नाही. उलट पहिल्या रांगेतल्या एकाने डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याला सांगितलं की अजून थोडी वळव, तुझी सरळ दिसते. चार दिवसांत निम्म्या जणांच्या माना खऱ्याच आखडल्या. संध्याकाळी घरी जाताना ते रस्ता ओलांडायचे तेव्हा मटाटूवाले, म्हणजे वडापच्या गाड्यांचे ड्रायव्हर, शिव्या घालायचे, कारण उजवीकडून गाडी आलेली यांना दिसतच नव्हती.

माकोखा बिचारा रडकुंडीला आला. त्याची एकट्याची मान होती ती सगळ्यांची झाली. आता त्याच्यात वेगळं काय राहिलं? तरी मुसेम्बीचं बोट त्याच्यावर यायचंच, कारण बाकीचे मधेच चोरून समोर बघायचे आणि हा बघूच शकत नव्हता.

मला राहवलं नाही. मुसेम्बी दुपारी पोट धरून टपरीवर आला तेव्हा मी सरळ विचारलं, रोज माकोखाच का? या माणसाला कायम पोटात जळजळ. मी त्याला बिनलिंबाची उजी द्यायची. पण अलीकडे त्याचा चेहरा उजळला होता, आणि त्या दिवशी त्याने चक्क लिंबाची मागितली, वर दोन मंडाझी, तळलेले गोड वडे.

त्याने मंडाझी मोडून उजीत बुडवली. मग म्हणाला, "बाई, रोज शंभर माणसं माझ्या डोळ्यांत बघतात. वीस घेतो, ऐंशींना घरी पाठवतो. ते ऐंशी माझ्याबरोबर जेवायला बसतात, माझ्याबरोबर अंथरुणात येतात. तो एकटा बघत नव्हता. त्याला घेताना मला बरं वाटायचं. आणि हल्ली तर देवाची कृपा, सरळ डोळ्यांत कुणीच बघत नाही."

मी म्हटलं, त्याची मान अडकलीय, मूर्खा. तो हसला नाही. त्याने सांगितलं की त्याचाही करार तीनच महिन्यांचा असतो, आणि साहेब त्याला निवडतात तेव्हा तोही त्यांच्या डोळ्यांत तसाच बघतो. मला त्या क्षणी त्याची फार कीव आली. मंडाझीचे पैसे मात्र मी घेतले.

मग मोठे साहेब आले. चकचकीत गाडीतून उतरले, तरुण, गोड बोलणारे, प्रत्येक गोष्टीचं कौतुक करायची सवय लागलेले. समोर बघतात तो शंभर माणसं त्यांच्याकडे पाठ नाही, तोंड नाही, कान करून उभी. साहेबांनी आधी मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग मुसेम्बीला विचारलं की ही कसली साथ आहे, कारखान्यातल्या कशाने झाली नाही ना?

साथ म्हटल्यावर आजार आला, आणि आजारी म्हटल्यावर घरी. एका झटक्यात सगळ्या माना सरळ झाल्या. ज्यांच्या खरंच आखडल्या होत्या त्यांनीही दातओठ खाऊन सरळ केल्या, कडाकडा आवाज टपरीपर्यंत आला. राहिला एकटा माकोखा. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ओढलं. मान हलली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते डोळे माझ्याकडे, कारण दुसरीकडे बघणार कुठे? मी हातातली पळी गच्च धरली. मला दिसत होतं की कार्ड गेलं, नाफुला गावी खोपटात बाळंत होणार.

"आणि हा?" साहेबांनी विचारलं.

मुसेम्बीचा हात आपोआप पोटावर गेला. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, निदान हुशारीने तरी. तो म्हणाला, "साहेब, आपल्या तपासणीच्या पट्ट्यावर बाटल्या डावीकडून येतात. तडा गेलेली बाटली शोधायला दिवसभर डावीकडेच बघावं लागतं. हा घरून सराव करून येतो."

मला वाटलं, आता दोघंही गेले. पण साहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, यालाच म्हणतात कामावरचं प्रेम. त्यांनी माकोखाचा हात हातात घेतला, तो त्यांच्याकडे न बघता थँक्यू म्हणाला, आणि ते आणखीच भारावले. करार तिथल्या तिथे झाला. सहा महिने, तपासणीचा पट्टा, डावी बाजू. कार्ड दुसऱ्या दिवशी.

त्या रात्री माकोखा झोपला. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, फोनबिन बाजूला ठेवून, मेल्यासारखा झोपला. आणि सकाळी उठला तर मान सरळ.

तो माझ्याकडे आला तो टपरीच्या मागच्या बाजूने, लपत. मला आनंद झाला, मी डोकं धरून इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, लोण्यासारखं फिरत होतं. आणि हा माणूस ओक्साबोक्शी रडतोय. म्हणाला, मावशी, आता काय करू? साहेबांनी मला मानेसाठी घेतलंय.

खरंच होतं ते. करारात मान लिहिलेली नव्हती, पण साहेब येतील तेव्हा मानच बघणार होते. सहा महिन्यांनी पुन्हा करार त्यांच्याच हातात. माकोखाने डोळे पुसले, मान डावीकडे वळवली आणि कामावर गेला. तेव्हापासून रोज तेच. खोलीत सरळ, गेटवर वाकडी. पूर्वी मान आपोआप राहायची, आता धरून ठेवावी लागते, त्यामुळे जास्तच दुखते. कार्ड घेऊन दवाखान्यात जा म्हटलं तर तो घाबरतो, बरी केली तर?

कार्डावर नाफुलाचं बाळंतपण मात्र बुंगोमाच्या दवाखान्यात नीट झालं. पोट फाडून काढावी लागली, पण मुलगी सुखरूप. थोडी धडधाकट झाल्यावर नाफुला बाळ पाठीला बांधून बसने आली आणि खोलीची किल्ली घ्यायला थेट गेटवरच उतरली. माकोखाने लेकीला अजून पाहिलं नव्हतं. आणि मानेचं त्याने बायकोला फोनवर काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत तो बाहेर आला. नेमके त्याच वेळी साहेब चार पाहुण्यांना घेऊन गेटात उभे, बोटाने यालाच दाखवत. नाफुला उजव्या बाजूने आली. तिने हाक मारली. बाळ रडलं. माकोखाचा हात उजवीकडे गेला, बाळाचा पाय त्याने चाचपून धरला. मान हलली नाही.

नाफुलाच्या तोंडचं पाणी पळालं. ती एक पाऊल मागे सरली. तिला वाटलं असणार, मुलगी झाली म्हणून हा तोंड फिरवून उभा आहे. मी उजीची पळी टाकून धावले, तिचं कोपर धरलं आणि तिला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आणून उभं केलं. बाळ तिच्या पाठीवरून सोडून त्याच्या समोर धरलं. त्याने लेकीकडे पाहिलं आणि तो हसायला आणि रडायला एकदमच लागला.

मागून साहेब पाहुण्यांना सांगत होते की बघा, सुट्टीतसुद्धा सराव चालू आहे.

नाफुलाने माझा हात घट्ट पकडला आणि हळूच विचारलं, "मावशी, यांच्या मानेला काय झालं?"

"काही झालेलं नाही, पोरी," मी म्हटलं. "नोकरी लागलीय."