दृष्टीचा चुरा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक लांबलचक खोली मनात आणा. दोन्ही भिंतींना शिलाईची यंत्रं, मधोमध कापायचं टेबल, त्यावर काळ्या कोटांचा ढीग. यंत्रं मात्र बंद आहेत, कारण चाळीस बायका एका माणसाभोवती माना उंचावून उभ्या आहेत. त्याला सगळ्या महाराज म्हणतात. त्याच्यासमोर स्टुलावर डोकं खाली घालून बसल्यात मुकादमबाई, आणि त्यांच्या खांद्यांवर पांढरा भुगा पडलाय.

"हा कोंडा नव्हे, बायांनो," महाराज म्हणाले. "ही दृष्ट. लोकांनी तुमच्याकडे बघितलं, ती नजर वाळली, तिचा हा चुरा. आता बघा!"

त्यांनी बाटलीतलं तेल मुकादमबाईंच्या डोक्यावर थापलं, काहीतरी पुटपुटले आणि फणी फिरवली. पांढरं सगळं गायब. केस काळेभोर.

"मग पुढच्या शनिवारपर्यंत परत का येतं?" कापडाच्या गठ्ठ्यावरून आवाज आला.

तिथे एक दहा वर्षांची मुलगी बसली होती. तिला कारखान्यात सगळ्या 'चौकशी' म्हणत. कौतुकाने नव्हे.

"शंका घेतली की परत येतं," महाराज म्हणाले.

"मी नाही हो घेतली शंका," मुकादमबाई घाबरून म्हणाल्या.

"झोपेत घेतली असेल."

मुकादमबाईंनी लगेच कान पकडले.

चौकशी कारखान्यात यायची ती आत्यासाठी. आत्या कोटाच्या कॉलर शिवायची. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कपाळाच्या कडेला चांदीसारखे जाड पापुद्रे यायचे. दवाखान्याच्या मलमाने ते आटोक्यात होते. पण 'दोन शक्ती एकमेकींशी भांडतात' म्हणून महाराजांनी मलम बंद करायला लावलं. दीड महिन्यात कोपरं चिरली. मालकांनी बजावलं होतं, "महिनाअखेरपर्यंत बरं झालं नाही, तर घरी बसा. काळ्या कोटावर पांढरं चालत नाही." पाण्याच्या पिंपाजवळ चाळीस पेले होते. त्यातल्या आत्याच्या पेल्याला लाल दोरा बांधलेला होता, इतर कुणी चुकून उचलू नये म्हणून. जेवताना तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी असायची.

आज आत्याने बाह्या वर केल्या. महाराजांनी कोपरांना तेल चोळलं. पापुद्रे दिसेनासे झाले, खालची कातडी मात्र लालभडक दिसू लागली.

"लाल कशाने झालं?" चौकशीने विचारलं.

"ते शक्तीचं तेज."

"आत्या, दुखतंय का गं?"

"तेजच आहे ते, बाळा," आत्या म्हणाली आणि तिने ओठ दाबले.

चौकशीने तोंड फिरवलं. खिडकीजवळ नक्षी उतरवणारी मावशी आपल्या कामात होती. रोजच्यासारखाच तिने पांढरा कागद छापील नक्षीवर ठेवला आणि तेलाचं फडकं फिरवलं. कागद आरपार झाला, खालची फुलं दिसू लागली. चौकशीने कागदाकडे बघितलं. मग आत्याच्या कोपराकडे. मग पुन्हा कागदाकडे.

ती गठ्ठ्यावरून उतरली, काळ्या कापडाचा तुकडा घेतला आणि रांगेतल्या पुढच्या बाईपाशी, काजं करणाऱ्या काकूंपाशी, गेली. "काकू, यावर जरा डोकं झटका ना."

"अगं, काहीतरीच!"

"नाहीतरी पडतोच आहे."

भुगा पडला. चौकशीने त्यावर यंत्राचं तेल सोडलं. भुगा गायब.

"माझी शक्ती इथे भरून राहिली आहे," महाराज म्हणाले. "त्या तेलातही उतरली."

चौकशीने दुसरा तुकडा घेतला. नवा भुगा, आणि या वेळी नळाचं पाणी. पुन्हा गायब. मग तिने तो तुकडा इस्त्रीवाल्या काकांकडे दिला. काकांनी वरून कागद ठेवून इस्त्री दाबली. पाणी वाळलं, आणि भुगा होता तिथे, होता तसा, पांढराफटक.

"महाराज," काका शांतपणे म्हणाले, "तुमची शक्ती इस्त्रीला घाबरते वाटतं."

नक्षीवाल्या मावशीने आपल्या हातातल्या तेलकट कागदाकडे बघितलं. "वीस वर्षं हेच करतेय मी," ती म्हणाली. "मला कुणी महाराज नाही म्हटलं."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. गडबडीत फणी राहिली.

सोमवारी मुकादमबाई स्वतः सहा जणींना घेऊन दवाखान्यात गेल्या. चौकशी होतीच.

"सुक्या पापुद्र्यात बारीक फटी असतात, त्यांत हवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजेड तिथून उलटतो, म्हणून पांढरं दिसतं. फटींत तेल किंवा पाणी शिरलं की उजेड आरपार जातो. पापुद्रा तिथेच असतो."

मग त्या मुकादमबाईंकडे वळल्या. "हा साधा कोंडा. सगळ्यांच्याच डोक्यावर एक बुरशी असते. तेल हे तिचं जेवण. तुम्ही दर शनिवारी तिला मेजवानी देत होतात. कोंड्याचा औषधी शाम्पू आणा, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवा, आठवड्यातून दोनदा. महिन्याभरात फरक पडला नाही तर परत या."

बटणवाल्या ताईने आपल्या लेकीलाही आणलं होतं, महाराजांनी तिचेही केस विंचरले होते. तिच्या डोक्यावर गोल चट्टा होता, त्यातले केस तुटलेले. तिथे डॉक्टरबाई थांबल्या. "हे गजकर्ण. हे मात्र पसरतं. नुसत्या शाम्पूने भागणार नाही, काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतील. सगळ्यांना एकच फणी होती?"

"हो, महाराजांची. ती कारखान्यातच राहिलीय," चौकशी म्हणाली. "ती फेकून द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि चट्टा दिसेल त्या प्रत्येकाला माझ्याकडे पाठवा."

शेवटी आत्या. "हा सोरायसिस. तुमचं शरीर कातडी फार घाईने बनवतं, एवढंच. स्पर्शाने, पाण्याने, पेल्याने कुणालाही होत नाही. मलम पुन्हा सुरू करा, आणि मला विचारल्याशिवाय थांबवू नका. मालकांना मी चिठ्ठी देते."

"पुन्हा कधीच होणार नाही, असं काही औषध?"

"तसं सांगणारा तुम्हाला भेटून गेलाय ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी आटोक्यात ठेवायचं सांगते."

परतताना मुकादमबाई पुटपुटल्या, "पण गायब झालेलं मी या डोळ्यांनी बघितलं होतं गं."

"बघितलंत ते खरंच होतं, मुकादमबाई," चौकशी म्हणाली. "का झालं, ते विचारायचं राहिलं."

कारखान्यात शिरल्यावर तिने आधी फणी कचऱ्यात टाकली आणि साबणाने हात धुतले. मग दोरे कापायची छोटी कात्री घेऊन ती पिंपापाशी गेली. लाल दोऱ्याचा पेला उचलला, दोरा कापला, त्याच पेल्याने घटाघट पाणी प्यायली, पेला विसळला, आणि इतर एकोणचाळीस पेल्यांमध्ये मिसळून टाकला.