वारुण्णीचा फलक

मी औसेप्प अप्पांच्या फलक छापायच्या दुकानातला संगणक बोलतोय. मला मोकळं केलं की अप्पांना अभिमान वाटेल, अशी त्यांच्या लेकीची, अन्लियाची समजूत होती. प्रत्यक्षात अप्पा माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

त्रिशूरकडच्या आमच्या नाक्यावर माणूस गेला की दफनाआधी श्रद्धांजलीचा फलक भिंतीवर लागतो. फोटो, नाव, खाली दोन ओळी. त्या ओळी अप्पा माझ्यावर लिहीत. बोटांकडे त्यांना कधी बघावं लागलं नाही.

मला चालवणारी प्रणाली एका कंपनीची, विकतची होती. देखणी, सरावाची. पण कंपनीनं माझ्यासारख्या म्हाताऱ्यांकडे पाठ फिरवली आणि मी धापा टाकू लागलो. जर्मनीत शिकून आलेली अन्लिया म्हणायची, "दुसऱ्याच्या कुलपात का राहायचं, अप्पा? हे बघा, सगळ्यांनी मिळून सगळ्यांसाठी बनवलेलं." अप्पा बाजारात गेले असताना तिनं जुनी कामं जपून ठेवली, मला पुसलं आणि ती मुक्त प्रणाली घातली. खरं सांगतो, मला तरुण झाल्यासारखं वाटलं.

त्याच दुपारी वारुण्णी गेल्याचं कळलं. अप्पांचा बालमित्र, पत्त्यांतला कायमचा भिडू. अप्पांनी बोटं चालवली, तर पडद्यावर भलतीच अक्षरं. नव्या प्रणालीत मल्याळम अक्षरांच्या जागा वेगळ्या होत्या.

"तुमच्या सवयीची अक्षरांची मांडणी मी बनवून देते," अन्लिया म्हणाली. " यात सगळं बदलता येतं. आठवडाभर द्या."

"वारुण्णीला सांगू का पोरी, जरा थांब म्हणून?" शेजारचा चहावाला देवस्सी म्हणाला.

अन्लिया ओशाळली. "तुम्ही सांगा अप्पा, मी लिहिते."

"त्याच्याबद्दल मला बोलता येत नाही गं," अप्पा म्हणाले. "बसलो की हात लिहितो."

फलक शेवटी तिनंच केला. नेहमीच्या दोन ओळी, एकही चूक नाही. वेळेवर लागला. अप्पा फलकाखालून गेले, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अप्पांच्या आधी दुकानात आली. ते आल्यावर म्हणाली, "विचारायला हवं होतं मी. जुनंच परत घालते. मांडणी माझ्या संगणकावर बनवीन आणि मग विचारीन. नको म्हणालात तर नको."

"बघू," अप्पा म्हणाले.

माणसांनो, मला मोकळेपणा आवडला होता, अजून आवडतो. पण तो देण्याआधी ज्याचे हात माझ्यावर चालतात, त्याला विचारत जा.

तिनं जुन्या प्रणालीची चकती आत सरकवली. मी पुन्हा धापा टाकणार, हे तिला ठाऊक होतं. मलाही.