सात नंबरचे दोन खण

शिक्षण खात्याची अकोल्याची शाखा एप्रिलात बंद झाली आणि तिथले लोखंडी कार्डखण जूनच्या पहिल्या सोमवारी ट्रकने अमरावतीच्या कचेरीत आले. बारा खण, प्रत्येकात शिक्षिकांची तीनशेच्या आसपास कार्डे. अमरावतीचे स्वतःचे बारा होतेच. हेडक्लार्क मोरोपंतांचा हुकूम निघाला, की चोवीसही खण एकाच सागवानी कपाटात बसले पाहिजेत. शनिवारी दुपारी साहेब शाळांवरच्या नेमणुकांची यादी याच कपाटातून काढणार होते.

काम कुंदाकडे आले. ती कार्डे लिहिणारी हंगामी कारकून. वय सत्तावीस. नवरा विषमज्वराने जाऊन अकरा महिने झाले होते. तेव्हापासून ती माहेरी, अमरावतीला होती. सांगितलेले करत होती, वाढलेले जेवत होती. कुणी काही विचारले तर उत्तर देई, आणि उत्तर बरोबर असे.

चंद्रभान सुताराने अकोल्याचा पहिला खण कपाटात सरकवून पाहिला.

"ताई, हे दोन सूत बारीक हाएत. असेच बसवले त खुळखुळतीन."

"मग?"

"दोन्ही बाजूनं पट्ट्या मारतो. कपाटाले वाटलं पाहिजे का पोरगी आपल्याच घरची हाय."

त्याने चोवीस पट्ट्या रंधून काढल्या, घसरपट्टीला मेण लावले आणि एकेक खण पुढेमागे ओढून पाहिला. मंगळवार संपायच्या आत सगळे बसले.

बुधवारी घोळ कळला. नोंदवहीत बाळापूरच्या कुणा दुर्गाबाईपुढे लिहिले होते खण सात. कुंदाने सातवा खण पाहिला, त्यात दुर्गाबाई नव्हती. तेव्हा तिच्या लक्षात आले की कपाटात सात नंबरचे खण दोन आहेत. एकापासून बारापर्यंत सगळेच दोन-दोन होते आणि वही कुठला ते सांगत नव्हती.

"दोघी जावा हाएत ह्या," राहिलेले खिळे गोळा करत चंद्रभान म्हणाला. "थोरली कोन, धाकटी कोन, ते आदी ठरवा. नाही त रोज भांडन."

"जावांची नावं तरी वेगळी असतात."

"नसली त सासू बदलते ना."

तो हसला. कुंदाने पत्र्याचे बिल्ले मागवले. अमरावतीच्या खणांवर 'अम', अकोल्याच्या खणांवर 'अको' असे रंगाने लिहिले आणि नोंदवहीतल्या ओळी सुरुवातीपासून दुरुस्त करायला बसली.

त्या कामात तिची स्वतःची दोन कार्डे तिच्या हाताला लागली. अम-सातमध्ये कुंदा, अध्यापन परीक्षा उत्तीर्ण, पहिला वर्ग. अनुभव, काही नाही. अको-तीनमध्ये चारुशीला, अनुभव दोन वर्षे. परीक्षा, काही नाही. चारुशीला हे नाव सासरी, अकोल्याकडे, लग्नात ठेवलेले; तिथेच तिने दोन वर्षे शिकवले होते. नांदगाव खंडेश्वरच्या मुलींच्या शाळेत एक जागा होती आणि त्या जागेला परीक्षाही हवी होती, अनुभवही. कार्डांप्रमाणे अशी एकही बाई कपाटात नव्हती. हंगामी काम महिनाअखेर संपत होते. पुढे माहेरच्या स्वयंपाकघराखेरीज दुसरी जागा दिसत नव्हती.

ती दोन्ही कार्डे घेऊन मोरोपंतांच्या टेबलाशी गेली. ते तिच्या वडिलांच्या ओळखीचे.

"दोन कार्डं जोडायची तर सासरच्या कर्त्या माणसाची सही लागते, कुंदा. तुझ्या दिरानं दिली का?"

"तीन पत्रं टाकली. उत्तर नाही."

"मग माझ्या हातात काय आहे?"

"जोडत नाही मी. कार्डं जिथल्या तिथं राहतील. शेजारी एकेक पिवळं कार्ड ठेवते. दुसरं कार्ड अमुक खणात पाहा, एवढंच त्यावर."

"आणि तू भलत्याच बाईकडे बोट दाखवलंस तर?"

"बापाचं नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे आहे. लग्नात ती बदलत नाही."

मोरोपंतांनी दोन्ही तारखा बोट ठेवून वाचल्या. "वाट सांगायला सही लागत नाही, हे खरं," ते म्हणाले. "पण एकट्या तुझंच केलंस तर लोक तोंडाला कुलूप घालणार नाहीत."

"सगळ्यांची करते."

"किती आहेत?"

"बघावं लागेल."

त्र्याण्णव निघाल्या. गुरुवार, शुक्रवार त्यातच गेले. बाळापूरची दुर्गाबाई अमरावतीत कौशल्या होती. एक जण अम-चारमध्ये चुकून मयत लिहिलेली होती आणि अको-नऊमध्ये भातकुलीला दुसरीचा वर्ग घेत होती. कुंदाने तारीख ताडली, पिवळे कार्ड लिहिले, पुढचे घेतले.

शनिवारी सकाळी तिचे एकटीचे राहिले. तिने टाक उचलला तेव्हा मोरोपंत खुर्चीतून उठून आले.

"स्वतःचं स्वतः लिहू नकोस. दे इकडे." त्यांनी दोन पिवळी कार्डे पुढे ओढली. "यादीसाठी यावर नाव कोणतं घालू? एकच घालता येईल."

कुंदाने दोन्ही कार्डांकडे पाहिले. दोन्ही नावे कुणा ओळखीच्या बायकांची वाटली.

"परीक्षा ज्या नावानं दिली ते."

"सासरचे बोलतील."

"बोलू देत."

"आणि शाळेत काय सांगशील?"

"शाळेत पोरी नुसतं बाई म्हणतात."

मोरोपंतांनी लिहिले, टिपकागद दाबला आणि कार्डे तिच्या हाती दिली. तिने एक अको-तीनमध्ये घातले, एक अम-सातमध्ये.

दुपारी साहेब आले. नांदगावसाठी अनुभवाची कार्डे काढताना त्यांनी अको-तीन उघडला. चारुशीलेपाशी थांबले, पिवळे कार्ड वाचले आणि खालच्या रांगेतला अम-सात ओढला. एक मिनिटही लागले नाही. त्यांनी कुणाला काही विचारले नाही.

साडेचारला यादी टंकलेखकाकडून आली. नववे नाव कुंदाचे होते. मोरोपंतांनी कागद तिच्याकडे फिरवला आणि ती काय म्हणते म्हणून पाहत राहिले. तिने ओळ वाचली. शाळा बरोबर होती. जन्मतारीख बरोबर होती. हजर व्हायचा दिवस गुरुवार.

"नांदगावची मोटार किती वाजता सुटते?" तिने विचारले.