माशाचा ड्रम

आमच्या आवारात परदेशातून रिकामे ड्रम येतात. आम्ही ते धुतो आणि ते पुढे विकले जातात. आल्या आल्या त्यांचे दोन ढीग करायचे. कवटीचं चित्र असेल तो डावीकडे, माशाचं असेल तो उजवीकडे. कवटीवाले राख लावून तीनदा घासायचे, ते डांबरवाल्यांकडे जातात. माशावाले एकदाच धुवायचे, कारण ते घरोघरी पाणी साठवायला जातात. लाल चौकटीत एक झाड आणि एक मासा. झाड आहे, मासा आहे, म्हणजे पाण्याला उत्तम. धुताना ते चित्र जपायचं, गिऱ्हाइकाला त्याचाच भरवसा. ही रीत कुणी घातली माहीत नाही, पण पंधरा वर्षं नव्या माणसांना ती शिकवली मी.

धाकट्या बहिणीची पाण्याची टाकी तडकली, तेव्हा तिला मीच एक माशाचा ड्रम नेऊन दिला. निवडून, एकही पोचा नसलेला.

बहीण शिवणकाम करते. चार महिन्यांनी तिचे हात थरथर कापू लागले. सुईत दोरा ओवायला शेजारीण बोलवायची वेळ आली. तिला मी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी घरातलं सगळं खोदून विचारलं आणि ड्रमवर येऊन थांबल्या.

"त्यात काय होतं?"

"पाणी."

"पाण्याच्या आधी, बाबा?"

बाईंनी त्याच दिवशी ड्रमचं पाणी बंद करायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी कोमट पाण्याने ड्रमवरचा चित्राचा कागद सोडवला, वाळवला आणि त्यांच्यापुढे ठेवला. अक्षरं मी साठीनंतर शिकलो, तीही आपली. त्या कागदावरची परकी होती, आणि बरीचशी पुसलेली. एक लांबलचक नंबर आणि ते चित्र, एवढंच धड उरलं होतं.

बाईंनी चित्रावर बोट ठेवलं. "बाबा, या झाडाला एक तरी पान आहे का? आणि हा मासा उताणा आहे. मेलाय तो."

हजार वेळा पाहिलेलं चित्र.

"आत काय होतं त्याचं नाव आणा," बाई म्हणाल्या. "नाव कळलं तर नेमकं औषध देता येईल. अंदाजाने दिलं तर उलटायचं. आणि उशीर झाला तर हातांची मी खात्री देत नाही."

बंदरावरच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब सभ्य होते, खुर्ची दिली.

"आजोबा, असल्या विषारी मालासाठी देशादेशांत करारच झालाय," ते म्हणाले. "माल पाठवणाऱ्याने आधी लिहून कळवायचं, आपण हो म्हटलं तरच माल निघायचा."

"मग कळवलं असेल की."

"असेलच."

"कुठे आहे ते पत्र?"

साहेबांनी हनुवटीने कपाट दाखवलं. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो रजेवर. पुढच्या खेपेला तो आला होता, पण अर्ज हवा होता. अर्ज दिला, तर तो डॉक्टरांकडून यायला हवा होता. बाईंनी अर्ज दिला, तर तो वरच्या कचेरीत गेला. मी पाच खेपा घातल्या. तेवढ्या दिवसांत बहिणीच्या हातातून कात्री दोनदा पडली, एकदा पायावर.

सहाव्या खेपेला साहेबच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत, बाहेरच्या देशांतून. तुमचंच आवार बघायला. सगळे देश मिळून काम कसं करतात ते दिसेल तुम्हाला."

दिसलं. त्या सकाळी मुकादमाने प्रत्येकाला रबरी हातमोजे वाटले.

"संध्याकाळी मोजून परत द्यायचे," तो म्हणाला.

"आणि हात?" माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला. "तेही जमा करायचे का?"

मुकादम हसला नाही. मांडवाखाली पाहुण्यांचं भाषण झालं. दुभाषी मुलगी आमच्या भाषेत सांगत होती, की सगळे देश एका कुटुंबासारखे आहेत. मी मनात म्हटलं, असेल. आमच्या वाट्याला या कुटुंबातली मोरी आलेली दिसते.

चहा आला तसा मी खिशातून कागद काढून पुढे झालो.

"दादा, मागे व्हा," मुकादम दातांतून म्हणाला.

मी झालो नाही. पाहुण्यांतल्या एका बाईपुढे कागद धरला आणि दुभाषी मुलीला सांगितलं, "यांना विचार, यात काय होतं. माझ्या बहिणीचे हात जातायत."

बाईने नंबर पाहिला. तिच्याच देशाचा निघाला. तिने फोनवर कागदाचा फोटो काढून कुणालातरी पाठवला. मी उभाच होतो. चहा गार व्हायच्या आत नाव आलं. मुलीने ते मला आपल्या अक्षरांत लिहून दिलं.

सहा खेपा, दोन अर्ज, आणि काम होतं एका कप चहाचं. मला नाव मिळाल्याचा आनंद झाला नाही. अंगाची लाही झाली.

बाई पुढे बोलली. या मालाबद्दल तिच्या देशाने रीतसर पत्र पाठवलं होतं, ते पोचल्याची नोंदही होती. इकडून उत्तर गेलं नव्हतं. साहेब आपले बूट बघत होते.

"उत्तर आलं नाही, तर माल निघाला कसा?" मी विचारलं.

मुलीने ते सांगायला बराच वेळ घेतला. बाई म्हणे, उत्तर येईना तेव्हा ड्रम रिकामे म्हणून पाठवले, रिकाम्या ड्रमांना परवानगी लागत नाही.

"रिकामे म्हणजे? तुमच्याकडे कुणी आत हात घालून बघितला होता?"

त्याचं भाषांतर झालं. मी हातमोजे टेबलावर चहाच्या कपांमध्ये ठेवले आणि दवाखान्यात गेलो.

औषध लागू पडलं. डाव्या हाताचं कापणं महिन्यात थांबलं. उजव्याचं डॉक्टरीणबाई अजून काही बोलत नाहीत, आणि बहीण शिवते उजव्याने.

तिला मी सगळं सांगितलं, चित्राचंही. तिने हातातलं कापड खाली ठेवलं.

"दादा, मासा बघूनच दिलास ना मला?"

"हो."

"मग माझ्यापाशी बसून काय करतोस? आणखी कुणाकुणाला दिलेस, तिकडे जा."

मी आठवेल तसं एकेक घर कागदावर लिहिलं. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. पहिलं घर बहिणीच्याच गल्लीतलं. दारातच ड्रम होता, झाकणावर तांब्या उपडा घातलेला. मी घरातल्या बाईला म्हटलं, मी ड्रमांच्या आवारातला, हे पाणी पिऊ नका, या ड्रममध्ये आधी विष होतं.

ती माझ्याकडे संशयाने बघू लागली. "काहीतरीच काय? मासा आहे यावर. तुमच्या आवारातल्याच माणसाने आमच्या यांना सांगितलं होतं, डोळे मिटून घ्या."

"तो माणूस मीच," मी म्हणालो, आणि तिचा तांब्या बाजूला ठेवून ड्रम आडवा केला.