वाळूतले अकरा

"उलटा धरा की साहेब. पोट बघा त्याचं," मामा म्हणाले.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत कीटकशास्त्राचे नवे डॉक्टर भिंगाला डोळा लावून बसले होते. मेलेले किडे टाचणीला लावून पेट्यांत मांडायचं काम मामा सव्वीस वर्षं करत होते. सगळे त्यांना टाचणीमामाच म्हणत. डॉक्टरांना येऊन चार महिने झाले होते, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेल्या माणसाचा सगळा तोरा त्यांच्या मानेत उतरला होता.

"पोट कशाला? पाय दिसताहेत ना. रानातल्या भुंगेऱ्याच्या पायाला टोकदार दाते, वाळूतल्याचे बोथट. जाती दोन. संपलं."

"जाती दोनच. पण दाते वाळू उकरून झिजतात. कोवळा असताना त्याचेही टोकदारच असतात. खरा फरक पोटाला. वाळूतल्याला दाट केस, रानातला गुळगुळीत."

"म्हणजे उत्तर माझंच बरोबर."

शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवणारी पोरं अशीच बोलतात, मामांच्या मनात आलं.

"आणि हे अकरा टोकदारवाले वाळूच्या पेटीत कसे? रानाच्या पेटीत घाला. चिठ्ठ्यांवरची जागाही बदला."

ते अकरा मामांनी तापल्या वाळूत पालथं पडून, तीन उन्हाळ्यांत उकरून काढले होते. या गृहस्थाच्या बुटात कधी वाळूचा कण गेला नसेल. पण आधीच्या तीन साहेबांना आपण 'बरं साहेब' म्हणत आलो, याची त्यांना जास्त किळस आली.

"मी नाही बदलणार."

"काय?"

"खोटी जागा मी लिहिणार नाही. तुम्हाला लिहिता येतंच की."

"निवृत्तीला आठ महिने राहिले, आणि आत्ता अंगात आलं का मामा?"

डॉक्टरांनी स्वतःच एक टाचणी उपटली. जुनी चिठ्ठी ओढून टोपलीत टाकली, नवीवर 'रान' असं खरडलं आणि भुंगेरा दुसऱ्या पेटीत खुपसला. पुढचा पाय तुटून टेबलावर पडला.

"एक पायच तर आहे," असं म्हणून ते घड्याळ बघत उठले. "बाकीचे दहा उद्या."

दार लागल्यावर मामांनी टोपलीतून चिठ्ठी काढून सरळ केली. ओल्या ब्रशच्या टोकानं पाय उचलला, नखाएवढ्या पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवला, आणि पुठ्ठा व चिठ्ठी दोन्ही त्या भुंगेऱ्याच्याच टाचणीत ओवली. पाय नीट बसला का ते बघायला त्यांना भिंग दोनदा पुसावं लागलं.